सहा लेझर, दहा जण, कसब वेगवेगळं: शनिवारची शर्यत कशी बसवावी?

वायव्य_वारा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुंबई बंदरात आमच्या गटाकडे सहा लेझर, म्हणजे एका माणसाच्या छोट्या शिडाच्या बोटी, आहेत. सहाही हल (बोटीचे मूळ सांगाडे) एकाच वर्गाचे आणि चांगल्या अवस्थेत. सहांसाठी रेडियल (लहान) शिडं आहेत, त्यातल्या तिघांना मोठं स्टँडर्ड शीडही आहे. माणसं दहा. त्यात दोघं राष्ट्रीय पातळीवर उतरलेले, चार-पाच जण ठीकठाक, आणि तिघांना टॅक (बोटीचं नाक वाऱ्यातून वळवणं) आणि जाइब (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून वळवणं) नुकतंच जमायला लागलंय. एक छोटी मोटरबोट सेफ्टीसाठी मिळते.

दर शनिवारी दुपारी २ ते ५ मध्ये हलक्याफुलक्या शर्यती सुरू करायच्या आहेत. अडचण अशी की सरळ शर्यत लावली तर पुढचे दोघं पहिल्याच बोयाला (वळायच्या तरंगत्या खुणेला) दिसेनासे होतात आणि मागचे तिघं तिसऱ्या शनिवारी येतच नाहीत. कोर्स किती लांब ठेवावा, सुरुवात कशी द्यावी, गुण कसे मोजावेत? आणि भरती-ओहोटीचं गणित कसं सांभाळायचं?

---

उधाण_भांग

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मुंबई बंदरात बाकी सगळं त्याच्यावर ठरतं.

आपल्याकडचा जुना हिशेब सगळ्यांना माहीत असेल: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. तिथून सुकती लागते ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपते. म्हणजे तुमची २ ते ५ ही वेळ उधाणाच्या दिवशी नेमकी ओहोटीच्या सर्वांत जोरदार तासांवर बसते. पाणी बंदराच्या तोंडाकडे, साधारण नैऋत्येला, दोन नॉट (ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास) आणि कुठे कुठे त्याहून जास्त वेगाने ओढत असतं. पाच-सहा नॉटच्या मंद वाऱ्यात लेझर पाण्यातून जेमतेम अडीच-तीन नॉटने सरकते. अशात नवख्याचा डॅगरबोर्ड (बोटीखाली सरकवायची उभी फळी) अर्धा वर राहिला किंवा तो वाऱ्यात अडकून उभा राहिला, की पाच मिनिटांत तो तीनशे मीटर खाली गेलेला असतो.

म्हणून शनिवारचं वेळापत्रक पंचांग उघडून करा. चतुर्थी ते षष्ठी सर्वांत सोयीची, शुद्ध असो वा वद्य. भरती ३ ते साडेचारच्या मध्ये पूर्ण होते, पाणी थांबलेलं असतं, खोलीही भरपूर. अष्टमी-नवमीच्या आगेमागे भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असते, ओढ कमी असते, पण तेव्हा दुपारी बाराच्या आसपास पाणी खाली गेलेलं असतं. त्यामुळे उतारावर चिखल आणि काठाजवळ उथळ, हे गृहीत धरून बोटी उशिरा उतरवा. उधाणाच्या शनिवारी शर्यत नको. त्या दिवशी काठालगत टॅक-जाइबचा सराव घ्या. पाऊण तासाचा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून अंतिम वेळ छापील कोष्टकातूनच घ्या.

पाण्याची ओढ मोजायला यंत्र लागत नाही. नांगरलेल्या मोटरबोटीजवळ पाण्याने अर्धी भरलेली बाटली सोडा. एका मिनिटात ती ३० मीटर गेली तर १ नॉट. मिनिटाला ४५ मीटरच्या वर गेली आणि वारा आठ नॉटच्या आत असेल, तर नवख्यांना पाण्यावर सोडू नका.

आता कोर्स. हिवाळ्यात सकाळचा मतलई वारा ईशान्य-पूर्वेकडून असतो आणि तो अकराच्या सुमाराला मरतो. मग मधे थोडा वेळ सगळं थंड, आणि त्यानंतर वायव्येचा खारा वारा भरतो. तो स्थिर होईपर्यंत, म्हणजे कमीत कमी वीस मिनिटं एकाच दिशेने आठ नॉट मिळेपर्यंत, वरचा, म्हणजे वाऱ्याकडचा, बोया टाकू नका. नाहीतर पहिल्याच फेरीत वारा फिरतो आणि अर्ध्या बोटी एकही टॅक न मारता बोयाला पोहोचतात.

वरचा पल्ला ४०० मीटर ठेवा. दहा नॉटमध्ये चांगला खेळाडू तो साडेचार-पाच मिनिटांत चढतो, नवखा सात-आठ मिनिटांत. वर, खाली, वर, खाली अशा दोन फेऱ्या म्हणजे पुढच्याला सोळा-सतरा मिनिटं. एवढ्या छोट्या पल्ल्यात मागचा पुढच्याला सतत पाहत राहतो. तो कुठे टॅक मारतो, शीड किती ओढतो हे दिसत राहणं हेच नवख्याचं शिक्षण. एक किलोमीटरचा पल्ला लावलात तर ते दिसणं संपतं.

त्रिकोणी कोर्स सुरुवातीला नको. रीचवर, म्हणजे वारा बाजूने घेऊन जाताना, मजा येते हे खरं, पण मधल्या बोयाला जोराच्या वाऱ्यात जाइब मारावाच लागतो, आणि तिघंही तिथेच उलटतील. खालच्या पल्ल्यात जाइब कुठे मारायचा हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

बोयासाठी २० लिटरचे झाकणबंद प्लास्टिक कॅन पुरतात. नांगराला दोन मीटर साखळी, आणि दोरी भरतीच्या खोलीच्या दीडपट. मुंबईत पाणी चार मीटरने चढ-उतार करतं, त्यामुळे ओहोटीला जास्तीची दोरी पृष्ठभागावर तरंगते आणि डॅगरबोर्डमध्ये अडकते. त्यावर उपाय: कॅनच्या दोन मीटर खाली दोरीला दोन-तीन किलोचं वजन टांगा. दोरी सरळ खाली राहते. फेरीबोटींच्या आणि जहाजांच्या वाटेपासून कोर्स पूर्ण मोकळा ठेवा. वारा पडला तर लेझरला तिथून बाजूला होता येत नाही.

---

शिटी_झेंडा

कोर्सबद्दल वरच्याशी सहमत. सुरुवात आणि गुणांबद्दल लिहितो.

अधिकृत पाच मिनिटांचा क्रम तुमच्यासाठी लांब आहे. नवखे पहिल्या दोन मिनिटांतच रेषेपासून लांब भरकटतात आणि भोंगा वाजतो तेव्हा साठ मीटर मागे असतात. तीन मिनिटांचा आवाजी क्रम वापरा, त्यात झेंडा लागत नाही. ३ मिनिटं: तीन लांब. २ मिनिटं: दोन लांब. दीड मिनिट: एक लांब, तीन आखूड. १ मिनिट: एक लांब. ३० सेकंद: तीन आखूड. २० ला दोन, १० ला एक, मग ५-४-३-२-१ प्रत्येकी एक आखूड, आणि सुरुवातीला एक लांब. घड्याळ हातात नसलेल्यालाही हा क्रम कानाने कळतो.

रेषेची लांबी सहा लेझरसाठी ४० ते ४५ मीटर. बोट ४.२ मीटर, सहा बोटी म्हणजे पंचवीस मीटर, त्याच्या दीडपटीच्या थोडं वर. याहून आखूड केलीत तर नवखे घाबरून रेषेवर येतच नाहीत. फार लांब केलीत तर सगळे एका टोकाला गोळा होतात. रेषा (डावीकडे बोया, उजवीकडे मोटरबोट) वाऱ्याला काटकोनात ठेवा आणि बोयाचं डावं टोक जरासं, पाचेक अंश, पुढे घ्या. त्यामुळे सगळे मोटरबोटीच्या टोकाला एकमेकांवर चढत नाहीत.

मोटरबोट सेफ्टीसाठी मोकळी हवी असेल तर रॅबिट स्टार्ट करा. एक बोट 'ससा' होते. डाव्या बोयापासून ती पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून) वाऱ्याला शक्य तितकी जवळ धरून निघते, बाकीचे स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून) येऊन बोया आणि सशाचा मागचा भाग यांच्यामधून जातात. ससा चाळीस-पन्नास सेकंद त्याच मार्गावर राहतो, मग शर्यतीत सामील. ससा गटातल्या मधल्या कसबाचा निवडा. ससा हळू असेल तर लवकर ओलांडणाऱ्यांचा फायदा होतो, ससा वेगवान असेल तर उशिरा ओलांडणाऱ्यांचा. एक गोष्ट आधी जाहीर करावी लागते: सशाला सगळ्यांनी वाट द्यायची. एरवी स्टारबोर्डवाल्याचा हक्क असतो, इथे तो उलटा आहे.

आता कसबातली तफावत. तीन पद्धती आहेत, आणि मला तिसरी सर्वांत प्रामाणिक वाटते.

पहिली, टप्प्याटप्प्याने सुरुवात. पहिल्या दोन शर्यती सगळ्यांना एकत्र सोडून वेळा लिहा. नवखा पुढच्यापेक्षा तीन मिनिटं मागे असेल तर पुढच्या शर्यतीत त्याला दोन मिनिटं आधी सोडा. पूर्ण फरक देऊ नका, दोन-तृतीयांशच द्या, नाहीतर सुधारण्याची ओढ राहत नाही. रेषा जो आधी ओलांडेल तो जिंकला, हिशेब काहीच नाही. दोष एवढाच की शेवटच्या बोयाला सगळे एकदम येतात आणि तिथे धडका होतात. म्हणून शेवटचा बोया आणि समाप्तीची रेषा यांत निदान १०० मीटर ठेवा.

दुसरी, सरासरी फेरी. अठरा मिनिटांनी भोंगा वाजवा. ज्याची जी फेरी चालू आहे ती पूर्ण झाली की त्याची शर्यत संपली. पुढच्याने २१ मिनिटांत तीन फेऱ्या केल्या, नवख्याने १९ मिनिटांत दोन: एकाची फेरी सात मिनिटांची, दुसऱ्याची साडेनऊची. क्रम त्यावरून लावा. याने कसब समान होत नाही, पण कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि उरलेल्या वेळात आणखी एक शर्यत बसते.

तिसरी म्हणजे काहीच सूट न देता फक्त शर्यती वाढवणं. एका दुपारी चार सुरुवाती. नवख्याचं सर्वांत मोठं नुकसान पहिल्या दोन मिनिटांत होतं, आणि सुरुवात शिकायची तर सुरुवातीच जास्त हव्यात. याबरोबर महिन्यातून एक शनिवार पहिली पद्धत ठेवा, म्हणजे निकालाचा क्रम हलतो.

गुण साधे ठेवा: पहिल्याला १, दुसऱ्याला २, शर्यत पूर्ण न केलेल्याला त्या दिवशी पाण्यात उतरलेल्या बोटींपेक्षा एक जास्त. जो आलाच नाही त्याला पूर्ण मालिकेतल्या नावांपेक्षा एक जास्त. म्हणजे येऊन उलटलेला माणूस घरी बसलेल्यापेक्षा पुढे राहतो, आणि तो राहायलाच हवा. चार शर्यतींत सर्वांत वाईट एक वगळा. दहा माणसांत सहा बोटींवर, दोघं वेळ आणि निकालावर, दोघं सेफ्टी बोटीवर. दर दोन शर्यतींनी अदलाबदल.

---

मेनशीट_मोकळं

एक महत्त्वाची गोष्ट राहिली: शिडं. सगळ्यांना रेडियल, म्हणजे आताचं आयएलसीए ६, लावा. ५.७६ चौरस मीटर. स्टँडर्ड ७.०६ आहे. वजनदार माणसाला वाटेल की मोठं शीड हवं, पण बारा-चौदा नॉटच्या खाऱ्या वाऱ्यात साठ-पासष्ट किलोच्या नवख्याला ते झेपत नाही. आणि दोन आकार मिसळले की एकाच जातीच्या बोटींच्या शर्यतीचा अर्थच जातो. मग वेळेला यार्डस्टिक आकड्याने (वेगवेगळ्या बोटींचा वेग तोलणाऱ्या आकड्याने) भागावं लागतं, आयएलसीए ७ ला (म्हणजे स्टँडर्डला) ११०० च्या आसपास, ६ ला ११५० च्या आसपास, आणि निकाल काठावर कागदावर लागतो. पाण्यावर दिसलेला निकाल हाच खरा निकाल असावा. मोठं शीड लावायचंच असेल तर त्या दिवशी तिघांची वेगळी शर्यत लावा. डोलकाठीचा वरचा तुकडा दोन्हींना तोच, खालचा तुकडा आणि शीड बदलावं लागतं.

सहा हल एका वर्गाचे असले तरी सारखे नसतात. जुनं शीड पोट धरतं, आणि वाऱ्याच्या तोंडावर चढताना पन्नास-साठ मीटर सहज हरवतं. म्हणून शिडांना आणि हलांना वेगवेगळे आकडे द्या आणि दर शनिवारी दोन्हींच्या चिठ्ठ्या काढा. दुपारच्या अदलाबदलीत माणसाने हल सोडला की पुढचा आकडा घ्यायचा. नवख्याला नेहमी सर्वांत थकलेली बोट मिळते हा अनेक गटांतला जुना अन्याय आहे, तो चिठ्ठीने संपतो.

उतरण्याआधी प्रत्येक बोटीवर पाच गोष्टी हाताने तपासा, नुसत्या नजरेने नाही. मागच्या बाजूचं बूच घट्ट आहे का. डोलकाठी हलला बांधलेली आहे का: उलटल्यावर ती खाचेतून निसटली तर हल फाटू शकतो. डॅगरबोर्डला रबरी दोरी आहे का. सुकाणूची खाली ओढायची दोरी ताणून अडकवली आहे का: ती सैल असेल तर पातं थोडं मागे उचललं जातं आणि टिलर (सुकाणूचा दांडा) इतका जड होतो की नवख्याला वाटतं वाराच जास्त आहे. शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा पट्टा बूमला (शिडाखालच्या आडव्या काठीला) गच्च आहे का: तो सैल असला की कितीही ओढा, शीड वाऱ्याला धरत नाही.

तिघांना वाऱ्याबरोबर खाली येताना दोन गोष्टी छळतील. डॅगरबोर्ड पूर्ण वर काढला तर जाइबमध्ये व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) त्यात अडकते आणि बोट तिथेच आडवी होते. अर्ध्याहून थोडा कमी वर काढा आणि बूम त्याच्यावरून सहज जातं का हे काठावर फिरवून बघा. दुसरी: जाइबमध्ये मेनशीट (शीड ओढायची दोरी) ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भागाच्या) कोपऱ्यात अडकते. बूम मध्यावर येताना शीटला हाताने एक झटका द्यायचा, म्हणजे ती कोपऱ्यावरून उडून जाते. ही हालचाल जमिनीवर, बोट ट्रॉलीवर असताना वीस वेळा करून घ्या. ट्रॅव्हलरची (मेनशीट जिच्यावर सरकते ती मागची आडवी) दोरी गच्च असेल तर अडकणं निम्म्याने कमी होतं.

व्हँगचं सोपं माप: मेनशीट दोन्ही ब्लॉक (कप्प्या) एकमेकांना टेकेपर्यंत ओढा आणि त्या स्थितीत व्हँगमध्ये जी ढील दिसते तेवढीच काढून घ्या. वाऱ्याच्या तोंडावर चढायला तेवढी पुरे. खाली वळण्याआधी ती थोडी सोडायला शिकवा. जोराच्या वाऱ्यात गच्च व्हँग घेऊन बोट खाली वळतच नाही, ती वाऱ्याकडे खेचत राहते, आणि त्यात बूमचं टोक पाण्यात घुसलं की उलटली.

---

वायव्य_वारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचांग लावून पाहतो. रेडियलचं पटलं. आता नियमांबद्दल विचारतो: नवख्यांना पूर्ण नियमपुस्तक देऊन उपयोग नाही. पण अर्धवट सांगितलं तर धडक होण्याची भीती आहे. किमान काय सांगावं?

---

तीन_लांब्या

चार नियम पुरतात, पण ते काठावर वाळूत दोन चपला ठेवून दाखवा, तोंडी नको.

एक, विरुद्ध टॅकवर: ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो तो स्टारबोर्ड, त्याला पोर्टवाला वाट देतो. ओरडायचा शब्द एकच, 'स्टारबोर्ड', आणि तो निदान पाच बोटींच्या अंतरावर ओरडायचा. दोन, एकाच टॅकवर शेजारी असाल तर वाऱ्याकडचा वाट देतो. तीन, मागून येणारा पुढच्याला वाट देतो, आणि टॅक मारत असलेला सगळ्यांना. चार, बोयाभोवती तीन बोटींच्या लांबीचं, लेझरला साधारण १३ मीटरचं, वर्तुळ कल्पना करा: त्यात शिरताना बोटी शेजारी असतील तर आतल्याला वळायला जागा द्यायची.

चौथ्यावर बहुतेक भांडणं होतात, म्हणून तो वरच्या बोयाला कसा वागतो हे वेगळं सांगतो. चढताना एक पोर्टवर आणि एक स्टारबोर्डवर असे बोयाला आले तर आतल्याच्या जागेचा नियम त्यांच्यात लागत नाही, पोर्टवाल्याला वाट द्यावीच लागते. नवखा पोर्टवर येऊन शेवटच्या क्षणी स्टारबोर्डवाल्यांच्या रांगेत टॅक मारायला बघतो. त्याला सांगा: बोयाच्या चाळीस-पन्नास मीटर आधीच स्टारबोर्डवर ये आणि रांगेत लाग. चार मीटर हरतील, पण शर्यत हातची जात नाही. ओहोटी लागलेली असेल तर पाणी डावीकडे ओढतं, म्हणून उजवीकडून येताना नेहमीपेक्षा थोडं पुढे जाऊनच टॅक मारावा, नाहीतर बोया वरच राहतो आणि आणखी दोन टॅक लागतात.

शिक्षा अधिकृत दोन फेऱ्यांऐवजी एकच ठेवा: एक टॅक, एक जाइब. ती इतरांपासून बाजूला जाऊन लगेच करायची. बोयाला स्पर्श झाला तरी एक. हरकत, सुनावणी, कागद यातलं काही ठेवू नका. नियम मोडला की नाही यावर वाद असेल तर दोघांनीही फेरी घ्या आणि पुढे चला. राष्ट्रीय पातळीवरच्या दोघांनी मात्र पूर्ण नियम पाळायचे, शरीर झुलवून किंवा शीड पंप करून (झटके देऊन) वेग घ्यायचा नाही. मागचे त्यांच्याकडेच बघून शिकतात.

उलटलेल्या बोटीला सगळ्यांनी टाळायचं. माणूस बोटीला धरून राहायला हवा, कधीही पोहत काठाकडे निघू नये. सरळ करताना आधी मेनशीट आणि व्हँग मोकळी, मग डॅगरबोर्डवर उभं राहून मागे झुकायचं. उथळ जागी बोट पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक चिखलात रुततं, तेव्हा जोर लावू नका. सेफ्टी बोटीने हल हळूच वाऱ्याच्या दिशेला फिरवून टोक सुटू द्यायचं, नाहीतर ॲल्युमिनियमचा वरचा तुकडा जोडावर कायमचा वाकतो.

सेफ्टी बोटीवर दोघं, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पायाला किल कॉर्ड (माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी), आणि पाण्यात माणूस असताना त्याच्याजवळ इंजिन बंद. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला शिटी. जाताना सहा आणि येताना सहा, ही मोजणी एकाच माणसाकडे.

---

मेनशीट_मोकळं

वर एक भर. शनिवार संपल्यावर खाऱ्या पाण्याने सगळ्यात आधी डोलकाठीतले रिबिट जातात: स्टीलचे रिबिट आणि ॲल्युमिनियम यांच्यात मीठ बसलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गोड्या पाण्याने डोलकाठीचे दोन्ही तुकडे वेगळे करून आतूनही धुवा. तुकडे जोडलेलेच ठेवले तर दोन महिन्यांत ते एकमेकांत अडकतात.

महिन्यातून एकदा डोलकाठीच्या खाचेची चाचणी घ्या. खाच पाण्याने काठोकाठ भरा, पेन्सिलने खूण करा, दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर तळ किंवा बाजू झिजलेली आहे आणि पाणी हलमध्ये जातंय. बहुतेक वेळा कारण वाळू असते: खाचेत वाळूचे कण राहतात, डोलकाठी फिरते आणि तळ घासला जातो. म्हणून डोलकाठी बसवण्याआधी खाच आणि डोलकाठीचा बुंधा दोन्ही ओल्या फडक्याने पुसायचे. गळती सापडली तर ती बोट त्या शनिवारी शर्यतीत नको. जोराच्या वाऱ्यात कमकुवत खाच डेकसकट उखडते, आणि मग ती दुरुस्ती फायबरचं काम जाणणाऱ्या माणसाशिवाय होत नाही.